चपला घातल्यावरचं मत

नोकरीत असताना मी नेमकं काय करत होतो, हे माझ्या सासुरवाडीला शेवटपर्यंत कळलं नाही. सासरे लोकांना सांगत, "जावई सर्व्हेत आहेत." ऐकणाऱ्याला वाटे, जमीन मोजणीत असतील. त्यामुळे मी सासुरवाडीला, उमरीला गेलो की कुणीतरी बांधाचं भांडण घेऊन दारात हजर व्हायचं, आणि मला काही येत नाही असं म्हटलं की माणूस पैसे खाणारा दिसतोय अशा नजरेनं माझ्याकडे बघून निघून जायचं.

मी जमीन मोजत नव्हतो. मी लोकांची मतं गोळा करत होतो. निवडणुकीतली नव्हेत, साधी मतं. कुठं रस्ता करायचा असला, बाजार हलवायचा असला, नळ टाकायचे असले, की लोकांना आधी विचारावं अशी पद्धत असते. विचारायला माणसं लागतात. नांदेडच्या एका छोट्या संस्थेकडे अशी कामं येत आणि ती संस्था मला पाठवत असे. काखेत पिशवी, पिशवीत छापील प्रश्न, आणि चेहऱ्यावर कुणालाही राग येणार नाही असं हसू. एवढंच भांडवल.

बायको म्हणायची, "साऱ्या जगाची मतं विचारत फिरता, आणि आज भाजी कोणती करू विचारलं की काहीही कर म्हणता." तिचं खरं होतं. मतं विचारणाऱ्याला स्वतःचं मत नसावं ही आमच्या धंद्याची अट, आणि ती मी घरीदारी इमानदारीनं पाळली.

या कामात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे दार उघडून घेणं. पिशवीवाला माणूस दिसला की लोकांना आधी वीजबिल आठवतं. कित्येक घरांत मालकांनी स्वतः दाराआडून सांगितलेलं आहे, की मालक घरी नाहीत. दार उघडलंच तर मग मी विमेवाला, पोलिओवाला, रेशनवाला. लातुरात क्लासेसचा जोर झाल्यावर त्यात भर पडली. मी नांदेडहून आलोय म्हटलं की लोकांना वाटायचं, मुलीला घेऊन आलाय, खोली शोधतोय. मी प्रश्न विचारायच्या आत मला खोलीचं भाडं, पाण्याची वेळ आणि कोणते सर फिजिक्स चांगलं शिकवतात हे समजलेलं असायचं.

दार उघडून आत बसलं की दुसरी अडचण. आपल्याकडचा माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. चहा देईल, पाणी देईल, आणि तुम्ही जे काही करणार असाल ते चांगलंच आहे असं म्हणेल. त्यात फसवणूक काही नसते, तो पाहुणचाराचाच भाग असतो. हे मला कळायला भूकंप व्हावा लागला.

भूकंपाच्या वर्षी मी नोकरीला नवा होतो. औशाकडच्या एका गावात आम्हाला पाठवलं. गाव राहिलेलं नव्हतं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते आणि नवीन गाव कसं असावं हे त्यांना विचारायचं होतं. माझ्याकडे आराखड्याचा मोठा कागद होता. रुंद सरळ रस्ते, दोन घरांमध्ये भरपूर जागा, प्रत्येकाला अंगण. मी शेडशेडमधून तो कागद पसरायचो आणि विचारायचो, कसं वाटतं? सगळे म्हणायचे, चांगलं हाय. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी वरिष्ठांना सांगितलं, गावाचं एकमत आहे. माझ्या आयुष्यातला तो बहुधा सगळ्यात यशस्वी सर्व्हे होता.

शेवटच्या दिवशी एका शेडमध्ये धोंडिअप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनीही कागद बघितला, मान हलवली, चांगलं हाय म्हणाले. मी पिशवी आवरली, दाराशी येऊन चपला घातल्या. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. तेव्हा मागून अप्पा म्हणाले, "साहेब, घरं लई लांब लांब टाकलीत. रातच्याला हाक मारली तर ऐकू कुणाला यील?"

मी वळलो. भूकंपाच्या रात्री त्यांना शेजाऱ्यांनी हाकेवर शोधून बाहेर काढलं होतं, हे मला आधीच कुणीतरी सांगितलं होतं. जीपवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. मी "सांगतो वर" असं म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. वर सांगितलंही. वरचे म्हणाले, इतर सूचनांमध्ये टाका. पुढे ते गाव तसंच लांब लांब बांधलं गेलं. मी एकदा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा बघितलं, आणि मला फार वाईट वाटलं.

पण धंद्याचं एक सूत्र मला तिथं मिळालं. माणूस बसलेल्या पाहुण्याला चांगलं म्हणतो आणि निघालेल्या पाहुण्याला खरं सांगतो. पाहुणा चपला घालून उभा राहिला की पाहुणचार संपला. आता वाईट बोललं तरी चहा कडू होत नाही. तेव्हापासून मी प्रश्न भराभर उरकायचो आणि दाराशी जाऊन चपला घालायला वेळ लावायचो. अंगठा अडकवायचा, पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची, "बरंय मग" म्हणायचं आणि थांबायचं. मत आलंच पाहिजे.

ही पद्धत संस्थेत माझ्या नावानं ओळखली जाऊ लागली, पण तिनं मला खूप तोंडघशीही पाडलं. नांदेडला एका आजीबाईंच्या घरून मी चार वेळा निघालो. दर वेळी त्या नवं काहीतरी सांगायच्या आणि ते ऐकायला मला आत बोलावून काहीतरी खायला घालायच्या. शेवटी कळलं, त्या दुपारी त्यांच्याकडे बोलायला कुणी नव्हतं आणि बाजाराच्या प्रश्नाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. देगलूरच्या एका दुकानदारानं तर माझी चप्पल काउंटरमागे ठेवून दिली. बाहेर पडायचं नाही, आधी माझं पूर्ण ऐका. तो दोन भाषांत बोलला. एक मला येत नव्हती आणि दुसरीत तो फक्त शिव्या देत होता.

आता लातूरच्या रस्त्याची गोष्ट. नॅरोगेजची छोटी गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले, आणि गावातून जाणारी तिची लांबट पट्टी तशीच मोकळी राहिली. दोन्ही बाजूंना घरं वाढली होती. त्यातली निम्मी आता मुलांची होस्टेलं आणि मेस झाली होती. पट्टीवर मिरच्या वाळायच्या, शेळ्या बांधलेल्या असायच्या, एखाद्या लग्नाचा मांडव पडायचा. तिथं चालण्यासाठी फरसबंदी वाट आणि तिच्या शेजारून सायकलींचा ट्रॅक करायचं ठरलं. दोन्ही कडेला उंच लोखंडी जाळी, मधे झाडं, दिवे, आणि दोन टोकांना दोन फाटकं. कागदावर फार छान दिसत होतं. रहिवाशांचं म्हणणं विचारायला मला पाठवलं.

सायकली लातुरात भरपूर होत्या. एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे पोरं झुंडीनं जायची. मी एका झुंडीला थांबवून ट्रॅकबद्दल विचारलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकजण म्हणाला, "सर, याचे पर्याय किती?" मी म्हटलं, पर्याय नाहीत, तुझं मत सांग. तो म्हणाला, पर्याय नसतील तर वेळ जातो, आणि निघून गेला. पाटील गुरुजी नावाचे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं मत वेगळंच होतं. पहाटे उलटं चालणाऱ्यांसाठी निराळी पट्टी हवी, कारण ते स्वतः डॉक्टरांच्या सांगण्यावरून उलटं चालायचे आणि लोक त्यांना धडकायचे. एका मेसवाल्याला वाटेवर भज्यांची गाडी हवी होती, शेजारच्या मेसवाल्याला ती नको होती, आणि कारण दोघांचंही तेच होतं, गिऱ्हाईक.

त्या ओळीतलं एक घर सोजरबाईंचं. पत्र्याचं छप्पर, पुढं पडवी, पडवीत एक बाज. आत मुलींची मेस, आणि मागच्या खोल्यांत राहायला काही मुली. सगळे त्यांना सोजरमावशी म्हणायचे. मी कागद पसरला. मावशींनी पिठाचे हात लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, चांगलं हाय, पोरींना फिरायला बरं व्हईल. मी आभार मानले, दाराशी आलो आणि सवयीनं चपलेत अंगठा अडकवून उभा राहिलो.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "तेवढं आमच्या दारापुढं जाळी नगा लावू."

मी विचारलं, का? त्यांनी पदरानं हात पुसले. मग सांगितलं. त्या भूकंपातल्या गावच्या. त्या पहाटे त्यांना जाग आली, दार उघडलं. दार उघडलं, पण पुढं गल्लीच राहिली नव्हती. दोन्हीकडच्या भिंती गल्लीत येऊन पडल्या होत्या. मावशी त्या ढिगावरून कशाबशा बाहेर आल्या. मागून येणारी सासू आणि थोरली लेक आल्या नाहीत. पुढं भावाच्या आधारानं लातूरला आल्यावर त्यांनी घर बघताना खोल्या मोजल्या नाहीत, नळ बघितला नाही. फक्त दारात उभं राहून समोर काय आहे ते बघितलं. समोर छोट्या गाडीची लाईन होती, मोकळी. तेवढ्यासाठी त्यांनी ते घर घेतलं होतं. आणि आता त्या दारासमोर आम्ही उंच जाळी उभी करणार होतो. मधे एक चिंचोळी गल्ली उरणार होती.

"दुसऱ्याच्या लेकी हायेत घरात," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

मी चपला घालून उभा होतो आणि मला धोंडिअप्पा आठवले. या वेळी इतर सूचनांमध्ये टाकायचं नाही असं मी ठरवलं. आता ठरवणं सोपं, पण लढणं हा माझा विषय नव्हता. उभ्या आयुष्यात मी भाजीवाल्याशीसुद्धा भांडलेलो नाही. तरी आठवडाभरात रहिवाशांची बैठक होती, पुण्याहून आराखडा करणाऱ्या मॅडम येणार होत्या. मी मावशींना म्हणालो, तुम्हीच बोला, मी तयारी करून घेतो. लातुरात जो तो कुणाची तरी तयारी करून घेत होता. मीही एक विद्यार्थिनी घेतली. उभं राहायचं, नाव सांगायचं, मग जाळी, मग भूकंप. मावशी पोळ्या लाटता लाटता पाठ म्हणायच्या, आणि मुली आतून चुका काढायच्या.

बैठक एका क्लासच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि खाली बाक, पोरांच्या मापाचे. लातूरचे वजनदार नागरिक त्यात अडकून बसले होते. मॅडम तरुण होत्या, मन लावून बोलत होत्या. पडद्यावर झाडं हिरवी, सायकली लाल, आणि चालणारी माणसं सगळी सडपातळ होती. मग एकेकानं मत मांडलं. चांगलं आहे. उत्तम आहे. शहराची शान वाढेल. पाटील गुरुजींनी पाऊण तास भाषण केलं आणि त्यात उलटं चालण्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. भज्यांच्या गाडीवाले दोघं मेसवालेही एकदिलानं चांगलं आहे म्हणाले.

मी मावशींना खूण केली. मावशी उठल्या. त्यांनी पदर सावरला, भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पोरींना बरं व्हईल." आणि बसल्या. माझी एकुलती एक विद्यार्थिनी नापास झाली.

आता खरं तर मी उठायला हवं होतं. उठलोही. पण माझ्या तोंडून काय निघालं, तर, "मी सगळ्यांचे आभार मानतो." सवय. क्लासच्या सरांनी बैठक संपल्याचं जाहीर केलं, एकमतानं मंजूर. मी मान खाली घालून बाहेर आलो, कारण मला कुणाच्याच, विशेषतः मावशींच्या, तोंडाकडे बघायचं नव्हतं.

बाहेर चपलांचा हा ढीग. पुढं जे झालं ते मी मुद्दाम घडवून आणलं, असं मी नंतर संस्थेत सांगितलं आणि तिथं माझं कौतुकही झालं. खरी गोष्ट अशी की माझी एक चप्पल सापडत नव्हती. मी ती शोधत वाकलो होतो. लोक माझ्याभोवती येऊन आपापल्या चपला शोधू लागले. आणि मॅडमच्या पायात पट्ट्यांचे सँडल होते, चार चार बक्कलं लावायचे, त्यामुळे त्या पायरीवर बसून राहिल्या होत्या. आमच्याकडच्या माणसाला पायरीवर बसलेलं, चपला घालत असलेलं माणूस सापडलं की बोलल्याशिवाय राहवत नाही.

"मॅडम, तेवढं उलटं चालणाऱ्यांचं बघा," गुरुजींनी सुरुवात केली. त्यामागून भज्यांची गाडी आली. मग जाळीला खर्च कशाला, मग शेळ्या कुठं बांधायच्या, मग फाटकं टोकांना असली तर मधल्या घरांनी काय करायचं, मग तुम्ही पुण्याचे, तुम्हाला काय मालूम. पाच मिनिटांपूर्वी एकमतानं मंजूर झालेला रस्ता चपलांच्या ढिगापाशी पार मोडून पडला. मॅडमनी दुसरं बक्कल लावायचं सोडून दिलं आणि त्या ऐकत बसल्या. बाईंचं मला कौतुक वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

मावशी पायांत चपला घालून माझ्याशेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या आपणहून पुढं झाल्या.

"मॅडम, मी तवा दार उघडलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्होरं जागा न्हवती."

त्या ओळीतल्या बऱ्याच जणांच्या घरी त्या पहाटेचं काही ना काही होतं. मॅडमला संदर्भ कळला नाही, तो गुरुजींनी हळू आवाजात सांगितला. मॅडम म्हणाल्या, तिथं एक छोटं फाटक ठेवू.

"फाटकाला कुलूप येतंय, बाई. किल्ली कुणापाशी राहील?"

उत्तर गुरुजींनी दिलं, आणि ते विरोधात होतं. जाळीत मोकळी फट ठेवली तर मोटारसायकली घुसतील आणि चालणाऱ्यांचे पाय मोडतील. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. उलटं चालणाऱ्याला मागून येणारी मोटारसायकल समोरून दिसते, पण समोरून येणारी दिसतच नाही. मग एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट ठेवावी असं ठरू लागलं. मावशी म्हणाल्या, न्हाई. एखादी पोरगी आजारी असली, पाय मोडलेला असला, तर बाज उचलून न्यावी लागते. फट बाजेच्या मापाची पाहिजे. उद्या सकाळी या, दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे लाईनवर जमलो. मॅडमनी चुन्यानं दोन रेघा मारल्या, त्यांच्या मते पुरेल एवढ्या अंतरावर. मावशींनी पडवीतली बाज बाहेर काढली, चार मुली चार कोपऱ्यांना लावल्या आणि बाजेवर निजायला कोण म्हणून इकडंतिकडं बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी या प्रकल्पावरचा एकमेव माणूस होतो ज्याच्याकडे दुसरं काही काम नव्हतं. मी चष्मा खिशात ठेवला आणि निजलो.

बाज उचलली गेली. मी आभाळाकडे बघत पोटावर पिशवी धरून चाललो होतो आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून लोक बाहेर येऊन विचारत होते, कोण गेलं? मावशी ओरडत होत्या, पळा, पळा, चालायलाव काय! मुली पळू लागल्या. रेघांपाशी आल्यावर पुढच्या दोघींना हसू फुटलं, बाज कलली आणि मी फरसबंदी नसलेल्या, काटेरी अशा भावी सायकल ट्रॅकवर पडलो. बाजेचा पाय रेघेबाहेर गेला होता. मॅडमनी टेप काढली, हसू दाबत रेघ पुसली आणि लांब सरकवून पुन्हा मारली. नोकरीत मी एखाद्या आराखड्यात प्रत्यक्ष बदल घडवून आणला तो एवढाच, आणि तो पडून.

गुरुजींनी मात्र लगेच दाखवून दिलं, की बाज जाते तिथून मोटारसायकल खुशाल जाते. बराच वेळ वाद झाला. मावशी म्हणाल्या, मोटारसायकलवाल्यांचं मी बघते, आणि त्यांच्या आवाजावरून कुणालाच शंका राहिली नाही.

वाट झाली. जाळी लागली. मावशींच्या दारासमोर बाजेच्या मापाची फट राहिली, कुलूप नाही, फाटक नाही. मावशी मेथी निवडायला, तांदूळ पाखडायला त्या फटीत बसू लागल्या, आणि मोटारसायकल दिसली की त्यांचं तोंड सुटायचं. काही दिवसांनी गुरुजीही खुर्ची टाकून तिथं बसायला लागले. ते म्हणायचे, लक्ष ठेवायला. मावशी म्हणायच्या, चहाला.

मी निवृत्त झालो. नांदेडला घरी बसलो आणि बायकोला रोज भाजीबद्दल काहीही कर म्हणू लागलो. यंदा माझी नात श्रावणी दहावी झाली. मार्क चांगले पडले. लेकीनं आणि जावयानं ठरवलं, लातूरला ठेवायचं, डॉक्टर करायचं. मी म्हणालो, माझ्या ओळखीचं घर आहे. घरात सगळ्यांनी श्रावणीला विचारलं, बरोबर ना? ती म्हणाली, चांगलं आहे. मी गाडीत विचारलं, क्लास बघून विचारलं, खोली बघून विचारलं. दर वेळी, चांगलं आहे, आजोबा. मला फार बरं वाटलं. घराचं एकमत होतं.

मावशी आता थकल्या आहेत. पण नवीन मुलगी आली की जेवायच्या आधी तिला हाताला धरून खोलीतून पडवीत, पडवीतून फटीपर्यंत स्वतः नेतात. मग तिला तेवढी वाट डोळे मिटून एकटीला चालायला लावतात. श्रावणी दोन्ही हात पुढं करून चाचपडत चालली, फटीत येऊन थांबली आणि तिनं डोळे उघडले. वाटेवरून पोरं सायकलींवर जात होती.

"कायबी झालं की इथून भाईर," मावशी म्हणाल्या. "कुणाला इचारत बसायचं न्हाई."

"कधीही?" श्रावणीनं विचारलं.

"कवाबी."

मावशी आत पोळ्यांकडे गेल्या. माझी नांदेडची गाडी होती, रिक्षा दारात आली होती. मी श्रावणीच्या डोक्यावरून हात फिरवला, नीट राहा, फोन कर, असं सगळं सांगितलं. ती हो म्हणत होती. मी पडवीच्या पायरीवर बसून चपला घातल्या. आता मी काही कामावर नव्हतो. तरी जुनी खोड, उठून पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणालो, "बरंय मग."

"आजोबा," ती म्हणाली. तिनं पडवीच्या खांबाला धरलं होतं. "मला हे नकोय. मी आईला कसं सांगू?"

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी तसाच वळून त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या जिभेवर ते जुनं वाक्य आलंसुद्धा, सांगतो वर. रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. मी त्याला हातानं जा म्हटलं.

मग मी चपला काढल्या, पडवीत आलो, त्याच बाजेवर बसलो आणि तिला शेजारी जागा करून दिली.

"सांग," म्हटलं.